जुनी मसल कार आहे तशीच क्वार्टर माइलवर नेताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या टाइमस्लिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ ड्रॅग स्ट्रिपवर फेरीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर, १५.६२ सेकंद हा आकडा होता. गाडी मसल कार, म्हणजे मोठं इंजिन बसवलेली जुनी अमेरिकन गाडी: १९६९ ची प्लिमथ रोड रनर, ३८३ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, तीन गियरचा टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक, कारखान्यातून निघाली तशीच. त्या काळातल्या मासिकांच्या चाचण्यांमध्ये हीच गाडी १४ ते १५ सेकंदांत क्वार्टर माइल पार करत होती. इंजिन थकलंय असं समजून मी ते खोलायला निघालो होतो. सुदैवाने खोललं नाही. पुढच्या दोन मोसमांत एकही नवा सुटा भाग न घालता तीच गाडी १४.७१ वर आली. मधले ०.९१ सेकंद कुठे दडले होते, ते शोधायला मला इतका वेळ लागला. तुम्हाला तो लागू नये म्हणून हे लिहितोय.

डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारे आपले बरेच लोक आहेत. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, ‘जुनी गाडी घेतलीय, स्ट्रिपवर नेऊ का?’ जरूर न्या. पण रस्त्यावर पळवू नका. साठच्या दशकात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या, त्याच्या आठवणी लोक आजही सांगतात. त्या आठवणी म्हणून ऐकाव्यात. गाडीची वेळ घ्यायची जागा ड्रॅग स्ट्रिप हीच.

१. गाडी खरोखर ‘स्टॉक’ (कारखान्यातून निघाली तशी) आहे का ते पाहा

कारखान्याने जुन्या गाडीला दिलेल्या ओळख नंबरातच (व्हीआयएन) तिची कुंडली असते. माझ्या गाडीचा नंबर RM२३H९A असा वाचायचा, म्हणजे आर-एम-२३-एच-९-ए. आर आणि एम हे मॉडेल आणि दर्जा सांगतात, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, एच म्हणजे चार बॅरल कार्ब्युरेटरचं ३८३, ९ म्हणजे १९६९ आणि ए म्हणजे डेट्रॉइटचा लिंच रोड कारखाना. तुमच्या गाडीची अक्षरं वेगळी असतील. पण नंबर एक सांगतो आणि बॉनेटखाली दुसरंच इंजिन बसलेलं आहे, असं फार वेळा आढळतं. पन्नासहून जास्त वर्षांत कुणीतरी कॅमशाफ्ट बदललेला असतो, मागच्या अ‍ॅक्सलचं गियर बदललेलं असतं. आधीच्या मालकाच्या तोंडी ग्वाहीवर विसंबू नका. अ‍ॅक्सलचं प्रमाण तर घरीच मोजता येतं. मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गियर न्यूट्रलमध्ये ठेवा. मग दोन्ही चाकं एकाच दिशेने बरोबर एक फेरा फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजा. सव्वातीन फेऱ्यांच्या जरा अलीकडे आला तर ३.२३, चारच्या किंचित पुढे गेला तर ४.१०. उघड्या डिफरन्शियलमध्ये एकच चाक फिरवलंत तर हिशोब चुकतो.

२. जुने आकडे वाचायला शिका, मगच त्यांच्याशी तुलना करा

नवखा माणूस इथेच जास्त फसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट हॉर्सपॉवरची. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ‘ग्रॉस’ हॉर्सपॉवर छापत. म्हणजे इंजिन स्टँडवर, एअर क्लीनर नाही, पंखा नाही, गाडीचा पूर्ण एक्झॉस्ट नाही. १९७२ पासून ‘नेट’ आकडे आले, म्हणजे गाडीत बसवल्यावर जसं असतं तसं. ३८३ चा छापील आकडा ३३५ हॉर्सपॉवर हा ग्रॉस आहे. त्याची आजच्या गाडीच्या ३३५ शी तुलना करू नका.

दुसरी बाजूही आहे. काही इंजिनांचे आकडे कंपन्यांनी मुद्दाम कमी छापले. १९७० ची ब्यूक जीएस ४५५ स्टेज १ कागदावर ३६० हॉर्सपॉवरची. त्याच वर्षी ‘मोटर ट्रेंड’ने तिची १३.३८ सेकंद आणि ताशी १०५.५ मैल अशी नोंद केली. ड्रायव्हरसह वजन ४,००० पौंड धरलं, तर या वेगावरून (सूत्र पुढे देतो) सुमारे ३६७ हॉर्सपॉवर निघते. गाडीत बसवलेलं इंजिन स्टँडवरच्या आकड्याइतकं भरतंय, याचा अर्थ छापील आकडा कमी होता.

तिसरी गोष्ट, चाचणीला दिलेल्या गाड्या. ‘कार अँड ड्रायव्हर’ने मार्च १९६४ मध्ये पॉन्टिअ‍ॅक जीटीओची वेळ १३.१ सेकंद आणि वेग ताशी ११५ मैल छापला. ३८९ घनइंचांच्या साध्या जीटीओला हे झेपणारं नव्हतं. त्या गाडीत ४२१ घनइंचांचं इंजिन होतं, हे पॉन्टिअ‍ॅकच्या जाहिरातीचं काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे स्वतःच सांगितलं. पण अनेक वर्षं जीटीओचे मालक त्या आकड्याकडे बघून आपल्या गाडीला दोष देत राहिले.

म्हणून जुनी चाचणी वाचताना वेळेआधी शेवटचा वेग बघा. टायर कोणते होते, गाडीत किती माणसं होती, अ‍ॅक्सल कोणता होता, हेही बघा. हे तपशील नसतील तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

३. काय काय सोबत न्यायचं

- चालू ड्रायव्हिंग लायसन्स
- गाडीचं रजिस्ट्रेशन आणि विम्याचा कागद
- हेल्मेट, चालू स्नेल (हेल्मेटची सुरक्षा तपासणारी संस्था) प्रमाणपत्राचं. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमांप्रमाणे चालणाऱ्या स्ट्रिपवर १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळेला जुन्या गाडीत हेल्मेट लागतंच. तुमची गाडी पंधराची असली तरी घाला
- पूर्ण पँट, बाह्यांचा शर्ट, बंद बूट. हाफ पँट किंवा चपला घालून गेलात तर परत पाठवतील
- टायरच्या हवेचा चांगला गेज आणि छोटा पंप
- टॉर्क रेंच, हातमोजे, चिंध्या, पाणी, टॉर्च
- वही आणि पेन

विम्याबद्दल एक इशारा. क्लासिक गाड्यांच्या बहुतेक पॉलिसींमध्ये वेळ मोजून होणाऱ्या शर्यतींना संरक्षण नसतं. जाण्याआधी आपली पॉलिसी वाचा. स्ट्रिपवर सही करून घेतात तो कागदसुद्धा वाचूनच सही करा.

पहिल्यांदा जाताना ‘टेस्ट अँड ट्यून’ची रात्र निवडा. तिथे स्पर्धा नसते, प्रवेश फी भरून जमतील तितक्या फेऱ्या मारायच्या असतात. स्ट्रिप पूर्ण क्वार्टर माइलची, म्हणजे १,३२० फुटांची (४०२ मीटर) आहे की एक अष्टमांश मैलाची, ते आधी विचारून घ्या. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरची ‘व्हॅली रन’ पाहिलेल्यांना हे अंतर ओळखीचं असेल.

४. घरी करायची तपासणी

ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, चाकांचे नट, बॅटरीचा क्लँप, पेट्रोलच्या रबरी नळ्या. यातल्या नळ्या सर्वात आधी. जुनं रबर आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने मऊ पडतं आणि गळू लागतं. त्यात दहाच्या वर कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनाला पंपावर मिळणारं सर्वात वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल घाला. पूर्ण थ्रॉटलवर खडे वाजल्यासारखा आवाज आला तर लगेच पाय काढा. ते नॉकिंग आहे, त्याने पिस्टन फुटतो.

आता माझ्या हरवलेल्या अर्ध्या सेकंदाची गोष्ट. गाडी बंद ठेवून, एअर क्लीनर काढून मी बायकोला पेडल पूर्ण खाली दाबायला सांगितलं आणि टॉर्च कार्ब्युरेटरच्या तोंडावर धरून आत पाहिलं. थ्रॉटलच्या पट्ट्या उभ्या व्हायला हव्यात, त्या तिरप्याच थांबल्या होत्या. मागच्या मालकाने नवं कार्पेट घालताना खाली जाड नमदा टाकला होता, पेडल त्यावर टेकत होतं. कात्रीने हातभर नमदा कापला, पुन्हा दाबायला सांगितलं, आणि पट्ट्या सरळ उभ्या राहिल्या. मी पहिली अख्खी रात्र इंजिनाला पूर्ण हवा न देताच पळवली होती. तुम्ही हे तपासल्याशिवाय घरातून निघू नका. दोन माणसं आणि पाच मिनिटं पुरतात. टॉर्कफ्लाइट असेल तर किकडाउनची सळईही (थ्रॉटलपासून गिअरबॉक्सला जाणारी) तेव्हाच तपासा. ती सैल असली तर गिअरबॉक्स आतून जळतो.

५. टेक इन्स्पेक्शन

गेटमधून आत गेल्यावर आधी तपासणी. माझी गाडी पहिल्यांदा इथेच अडली होती. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांच्या रेडिएटरला ओव्हरफ्लोचा डबा नसतो, नळी सरळ जमिनीकडे सोडलेली असते. स्ट्रिपवर पाण्याचा थेंब पडला तर मागच्या गाडीचा जीव जाऊ शकतो, म्हणून किमान एक पिंट पाणी मावेल असा डबा बसवावाच लागतो. मूळ रूप बिघडू नये असं वाटत असेल तर क्लिपने बसणारा डबा घ्या, घरी आल्यावर काढून ठेवता येतो.

व्हील कव्हर काढून ठेवा. डिकी रिकामी करा. ऑटोमॅटिक गाडी फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू झाली पाहिजे. कन्व्हर्टिबल असेल तर १३.४९ आणि त्याहून वेगवान वेळेला रोल बार लागतो, हे लक्षात ठेवा. शंका असेल तर तपासणाऱ्यालाच विचारा. नवीन आहे म्हणून सांगितलंत की ही माणसं मनापासून मदत करतात.

६. रांग, पाणी, झाड

रांगेत उभं राहताना इंजिन बंद ठेवा. तुमचा नंबर आला की पुढे ओली जागा दिसेल. नक्षीच्या टायरवर त्या पाण्यातून जाऊ नका, बाजूने वळसा घाला. नक्षीत अडकलेलं पाणी थेंबथेंब रेषेवर पडतं आणि तिथेच तुमचं चाक घसरतं. स्लिकवाल्यांचं (बिननक्षीचे शर्यतीचे टायर लावणाऱ्यांचं) पाहून लांबलचक बर्नआउटही, म्हणजे चाकं जागेवर फिरवून टायर तापवणंही, करू नका. जुन्या धर्तीच्या बायस-प्लाय टायरला त्याचा फायदा नसतो. चाकं एकदा थोडी फिरवून खडे झटकले की पुरे.

समोर दिव्यांचं ‘ख्रिसमस ट्री’ असतं. वरचे छोटे दिवे दोन टप्प्यांत लागतात. पुढचं चाक रेषेवर आडव्या सोडलेल्या पहिल्या प्रकाशकिरणात आलं की ‘प्री-स्टेज’, काही इंच पुढे दुसऱ्या किरणात आलं की ‘स्टेज’. प्री-स्टेज लागल्यावर थांबा, शेजारच्यालाही तिथे येऊ द्या. मग गाडी अगदी इंचाइंचाने पुढे घ्या आणि स्टेजचा दिवा लागताक्षणी थांबा. याला शॅलो स्टेजिंग म्हणतात. घड्याळ चालू होतं ते हिरव्या दिव्याला नाही, तुमचं पुढचं चाक त्या किरणातून बाहेर पडतं तेव्हा. अलीकडे थांबलात तर घड्याळ चालू होण्याआधी गाडीला काही इंच फुकट मिळतात.

मग तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात आणि हिरवा. वेळ बघायला आला असाल तर हिरव्याची घाई करू नका. तुम्ही दोन सेकंद उशिरा सुटलात तरी तुमची वेळ तीच राहते.

सुटण्याबद्दल: पेडल एकदम तळाला नेलं की जुने टायर जागच्या जागी फिरतात. माझ्या गाडीला ब्रेक दाबून जेमतेम हजार-बाराशे आरपीएम मानवतात. ब्रेक सोडून पेडल अंड्यावर पाय ठेवल्यासारखं दाबायचं, गाडी पकड घेऊन निघाली हे पाठीला जाणवलं की पूर्ण खाली. मॅन्युअल गाडीत क्लच फटकन सोडू नका. मूळ अ‍ॅक्सल आणि युनिव्हर्सल जॉइंट त्या झटक्याने तुटू शकतात, आणि मूळ भाग मिळणारे जुन्या गाड्यांचे भंगारवालेही कमी होत चाललेत.

गियर कधी बदलायचा? ३८३ ची कमाल ताकद ५,२०० आरपीएमला येते, त्यापलीकडे ताणून हाती काही लागत नाही. आपल्या इंजिनाचा हा आकडा जुन्या माहितीपत्रकात असतो.

७. शेवटच्या रेषेनंतर

माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, तुमच्याही असतील. ताशी ९० मैलांवरून ते एकदाच चांगले थांबवतात, तापले की पेडल लाकडासारखं कडक होतं आणि गाडी पुढेच जात राहते. रेषा ओलांडली की पाय काढा, इंजिनालाच वेग कमी करू द्या आणि मग हलक्या हाताने ब्रेक लावा. पहिल्याच वळणावर बाहेर पडायचा हट्ट नको, पुढे भरपूर जागा असते. शेजारच्या गाडीच्या समोरून कधीही आडवे जाऊ नका. बाहेर पडण्याच्या बाजूची गाडी आधी वळते, दुसरी तिच्या मागून.

परतीच्या वाटेवर छोट्या खिडकीतून टाइमस्लिप मिळते.

८. टाइमस्लिप वाचणं

माझ्या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवतो (वेग ताशी मैलांत).

पहिली रात्र: ६० फूट २.४८, अष्टमांश मैल १०.१२ सेकंद, वेग ७१.८, क्वार्टर माइल १५.६२ सेकंद, वेग ९०.३.

सर्वोत्तम फेरी: ६० फूट २.२१, अष्टमांश मैल ९.४७ सेकंद, वेग ७५.६, क्वार्टर माइल १४.७१ सेकंद, वेग ९५.१.

सगळे लोक १५.६२ आणि १४.७१ कडे बघतात. तुम्ही दोन टोकांकडे बघा. ६० फुटांचा आकडा टायर आणि तुमचा पाय कसा होता ते सांगतो. शेवटचा वेग, जो रेषेआधीच्या ६६ फुटांत मोजला जातो, तो इंजिनाची ताकद सांगतो. वेळेत हे दोन्ही मिसळलेलं असतं, म्हणून एकट्या वेळेवरून काहीच निदान करता येत नाही.

ठोकताळा असा की ६० फुटांत ०.१ सेकंद वाचला की शेवटी साधारण ०.१५ वाचतात. माझे ६० फुटांत ०.२७ वाचले, म्हणजे एकूण ०.९१ पैकी सुमारे ०.४ पायाने मिळवले. उरलेलं अर्धं त्या नमद्यात आणि हवामानात होतं. वेग ९०.३ वरून ९५.१ झाला, त्यातून ते दिसतं.

आता सूत्र. वेग २३४ ने भागा, उत्तराचा घन करा, ड्रायव्हरसह गाडीच्या पौंडांतल्या वजनाने गुणा. माझं: ९५.१ भागिले २३४ म्हणजे ०.४०६४, घन ०.०६७१, गुणिले ३,७५० म्हणजे सुमारे २५२ हॉर्सपॉवर. पहिल्या रात्री हेच गणित २१५ देत होतं. वजन अंदाजे धरू नका, महामार्गावर ट्रकच्या थांब्यावरच्या काट्यावर थोड्या पैशांत होतं.

उलट बाजूने: वजनाला हॉर्सपॉवरने भागा, घनमूळ काढा, ५.८२५ ने गुणा. माझ्या गाडीची वेळ १४.३३ येते. म्हणजे इंजिनात १४.३३ आहेत, मी १४.७१ काढले, मधला फरक अजूनही टायरखाली आहे. मासिकांमधला चौदा-साडेचौदाचा आकडा आता मला खोटा वाटत नाही.

स्ट्रिप अष्टमांश मैलाची असेल तर वेळेला १.५५ ने गुणून अंदाज घ्या, पण तो अंदाज म्हणूनच सांगा.

९. पुढची फेरी: एकच बदल

दोन फेऱ्यांत किमान पाऊण तास ठेवा. बॉनेट उघडं, इंजिन बंद. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उकळतं, गरम इंजिनावर काढलेली वेळ तुम्हाला चुकीच्या दिशेला नेते.

प्रत्येक फेरीला एकच गोष्ट बदला. टायरची हवा दोन पौंड, किंवा सुटण्याचे आरपीएम, किंवा गियर बदलण्याची जागा. दोन एकदम बदललीत तर कशाने काय झालं ते कळायचं नाही. वहीत तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, टायरची हवा, पेट्रोल किती होतं, सगळं लिहा.

हवेला हलकं समजू नका. उन्हाळ्याच्या दमट दुपारी जी गाडी १५.१ देते, तीच ऑक्टोबरच्या कोरड्या थंडीत १४.८ देईल. उंचीवर तर आणखी फरक. कोलोरॅडोत मॉरिसनजवळची बँडिमेअर स्ट्रिप, जी २०२३ मध्ये बंद झाली, सुमारे ५,८०० फुटांवर होती, आणि अशा जागांसाठी एनएचआरए वेगळे गुणक वापरते. समुद्रसपाटीच्या वेळेशी तिथली वेळ थेट लावू नका.

२०२४ च्या मॉडेलपर्यंत निघालेली व्ही-६ टोयोटा कॅमरी साडेचौदाच्या आत जाते, असं कुणी तुमच्याजवळ येऊन म्हणेल. ते खरं आहे. १४ इंची रिमच्या अरुंद टायरवर, एका कार्ब्युरेटरवर, पन्नास वर्षांपूर्वीच्या लोखंडाने १४.७ काढणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती मला मनापासून आवडते.

१०. आता कुठे बघायचं

मिशिगनमध्ये स्टँटन गावाजवळच्या स्ट्रिपवर अशाच स्टॉक मसल कारची ‘प्युअर स्टॉक’ शर्यत भरत आली आहे. पहिल्या दिवशी पात्रतेच्या फेऱ्या होतात, दुसऱ्या दिवशी जवळजवळ सारख्या वेळेच्या दोन-दोन गाड्या तीनपैकी दोन जिंकण्यासाठी भिडतात. त्यामुळे १३ सेकंदांची गाडी आणि १५ ची, दोन्हींना बरोबरीचा जोडीदार मिळतो. गाडी न्यायच्या आधी एक वर्ष नुसतं बघायला जा. कानांसाठी बोळे आणि बसायला खुर्ची न्या, आणि जमलं तर सुटण्याच्या रेषेजवळच्या कठड्यापाशी उभे राहा. मागच्या टायरची कड सुटताना कशी दुमडते आणि पेडल किती हळू खाली जातंय, ते तिथूनच नीट दिसतं.